गोलमागचा दस्तगीर

"पाच मिनिटं पाठ टेकतो," असं म्हणून रंगराव सासने कॉटवर आडवे होतात. म्हणतात कुणाला, ते विचारू नका. बायको जाऊन सहा वर्षं झाली, पोरगा पुण्यात, स्वैपाकाच्या मावशी सकाळीच भाकऱ्या थापून गेलेल्या. पण इतक्या वर्षांची जिभेची सवय, ती काय घरात माणूस आहे का बघून बोलते? डोक्यावर पंखा कुरकुरतोय. बाहेर बोळातून भंगारवाला ओरडत चाललाय. अडीच वाजलेत, आणि पाच वाजता तळ्याकाठच्या कॉलेजात शोकसभा आहे. तिथं जायचं नाही, हे रंगरावांनी सकाळीच ठरवून टाकलंय.

शोकसभा दस्तगीर मुल्लाणीची. अकरा दिवस झाले त्याला जाऊन. सकाळी त्याच्या पोरीचा, नसीमचा फोन आला होता. "काका, आज तुम्ही बोलायला पाहिजे. अब्बा म्हणायचे, माझ्याबद्दल बोलायचं झालं तर रंगराव बोलंल, बाकीच्यांना नुसता माझा आवाज म्हाईत हाय." रंगराव "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. 'बघू' म्हणजे 'नाही', हे अख्ख्या कोल्हापूरला कळतं. त्या पोरीलाही कळलं असणार.

आणि जाऊन बोलणार काय, कपाळ? ज्याच्याशी चव्वेचाळीस वर्षं तोंडातून शब्द काढला नाही, त्याच्याबद्दल हातात माईक घेऊन बोलायचं? मयतीला गेले तेसुद्धा कबरस्तानाच्या फाटकापर्यंत. तिथं चपला घालून उभे राहिले, माणसं आत जाताना बघितली आणि रिक्षा करून घरी आले. आता अशा माणसाला काय म्हणावं? मी तर तोंडावर खडूस म्हणतो त्यांना.

पण तुम्हाला मुळापासून सांगायला पाहिजे. त्या काळी आमच्या गावात कॉलेजं बरीच होती, पण फुटबॉलच्या मैदानावर खरी दोनच. एक टेकडीवरचं, एक तळ्याकाठचं. टेकडीवाले आणि तळ्यावाले. रंगराव टेकडीवाल्यांचे गोलकीपर. दस्तगीर तळ्यावाल्यांचा, खेळाडू नव्हे, पायात बॉल आला तर बॉल सोडून स्वतःच पडायचा. पण तोंड असलं की विचारू नका. तळ्यावाल्यांची एक रीत होती. त्यांच्यातला सगळ्यात वाह्यात गडी समोरच्या गोलकीपरच्या पाठीमागं, जाळीला नाक लावून उभा राहायचा आणि पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत त्याला पिडायचा. हाफटाइमला बाजू बदलली की हाही पळत दुसऱ्या टोकाला. "रंग्या, नाडी सुटली बघ!" "रंग्या, आला आला, पळ घरला!" आणि मधूनच खोट्या सूचना. बॉल उजवीकडं येतोय हे दिसत असताना "डावीकडं, डावीकडं!" म्हणून कोकलायचं. गोलकीपरनं ऐकलं की गेलाच.

गंमत अशी की हे दोघं जेवायला एकाच खानावळीत. दोघंही खेड्यातून आलेले, एक राधानगरीकडचा, एक गडहिंग्लजकडचा. अक्कूबाईंच्या खानावळीत शेजारी शेजारी पाट. रंगरावला कांदा लागायचा, दस्तगीरला लसणाची चटणी, आणि ताटातली देवाणघेवाण न विचारता चालायची. फक्त मॅचच्या दिवशी सकाळपासून बोलायचं नाही, हा दोघांचा नियम. शेवटची शिट्टी झाली, की हरलेल्यानं यायचं आणि म्हणायचं, "चल जेवायला." मग सगळं पुन्हा सुरू. दोन वर्षं असं चाललं.

एक्याऐंशी सालची फायनल. गोल नाही, काही नाही, आणि शेवटच्या चार मिनिटांत तळ्यावाल्यांना पेनल्टी. मारायला त्यांचा महिपत. आणि पाठीमागून दस्तगीरचा आवाज, पण नेहमीचा कोकलणारा नव्हे. दबका. "रंग्या, डावीकडं. आईशप्पथ, डावीकडं."

मागं उभा असलेल्याची डावी बाजू तीच गोलकीपरची डावी. त्यात घोटाळा काही नव्हता. रंगरावांनी उजवीकडं सूर मारला. बॉल डावीकडून आत गेला.

मॅच संपल्यावर सगळ्या गावासमोर रंगरावांनी दस्तगीरची कॉलर धरली. "डाव टाकलास. तू सांगितलंस की मी उलटा जाणार, हे तुला म्हाईत होतं." तेव्हापासून जे बोलणं बंद, ते बंद. चव्वेचाळीस वर्षं रंगराव सगळ्यांना हेच सांगत आले, दस्त्यानं फसवलं. खरं सांगितलं तेही फसवायलाच. लोकांनाही गोष्ट आवडली. ती मीही दोन-चार ठिकाणी सांगितली असेल.

तर रंगराव पडलेत. भंगारवाल्याचा आवाज लांब जातो आणि परत जवळ येतो. पंख्याची कुरकुर थोडी ठेक्यात यायला लागलीय. कुणीतरी हलगी वाजवतंय जणू, एक टिपरी इकडं, एक तिकडं. झोप लागलेली नाही, असं रंगरावांना वाटतं. डोळे उघडे आहेत, असंही वाटतं. भंगारवाला खिडकीशी येऊन म्हणतो, "रंग्या, सरक की जरा."

रंगराव सरकतात. खाली पाट आहे. समोर ताट. अक्कूबाई दिसत नाहीत, आतून त्यांच्या बांगड्या तेवढ्या वाजतात. शेजारच्या पाटावर दस्तगीर बसतो. केस पांढरेफेक, दाढी पांढरी, गळ्यात टेलरचा टेप. त्याचं दुकान बिंदू चौकाच्या अलीकडं होतं. त्याच्यासमोरून जायला नको म्हणून रंगराव उभं आयुष्य लांबच्या रस्त्यानं मंडईला गेले.

"तू मेलायस," रंगराव म्हणतात.

"व्हय. आणि तू जेवल्या जेवल्या झोपलायस. पोट बघ किती सुटलंय."

"ते वयानं."

"वय मलाबी झालं होतं की. चटणी दे."

रंगराव चटणी त्याच्या ताटात सरकवतात. न विचारता त्याच्या ताटातला कांदा इकडं येतो. दोघं जेवतात. भाकरीला चव नाही, पण ती हातात गरम लागते. रंगरावांना वाटतं, असंच चालू राहावं, बोलायची वेळ येऊच नये.

"उभा ऱ्हा," दस्तगीर म्हणतो. "माप घेतो."

"कशाचं?"

"उभा तरी ऱ्हाशील का? हात पसर."

रंगराव उभे राहतात तेव्हा दुकान आहे. मशिनीवर कुणी नाही, पण पायडल हलतंय. भिंतीला खिळ्यांवर जर्स्या टांगलेल्या, सगळ्या एक नंबरच्या. दस्तगीर टेप रंगरावांच्या उजव्या हाताच्या टोकाला लावतो आणि छातीवरून डाव्या हाताकडं नेत राहतो. टेप संपत नाही. हात संपत नाही. दस्तगीर टेप धरून दाराबाहेर जातो, रस्ता ओलांडतो, रिक्षावाल्याला हातानं थांबवतो, आणि लांबून ओरडतो, "आयला, एवढा लांब हात असून बॉल गेला कसा रं?"

"ओरडू नको. माणसं ऐकतील."

"कुठली माणसं?"

रंगराव टेप धरून त्याच्या मागं जातात. रस्ता मैदानात उतरतो. ग्यालरी भरलेली आहे, म्हणजे तसं वाटतं. जवळ गेल्यावर दिसतं की प्रत्येक पायरीवर नुसत्या चपला आहेत. जोडीनं, नीट लावलेल्या. हजारो चपला आणि एक माणूस नाही. रंगरावांना एकदम थंडी वाजते. हे असं किती दिवसांपासून आहे, असं त्यांना कुणाला तरी विचारायचं आहे, पण विचारणार कुणाला?

गोलपोस्ट त्यांच्याच स्वैपाकघराच्या दाराची चौकट आहे. तोच निळा रंग, खालून उडालेला. ते चौकटीत जाऊन उभे राहतात, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नाही. पाठीमागं जाळी हलते. दस्तगीर तिथं आहे, जाळीला नाक लावून. त्याचा श्वास मानेला लागतो.

"कॉलेज सुटल्यावर मी तालमीच्या टीमकडनं अकरा वर्षं खेळलो," रंगराव समोर बघतच म्हणतात. "प्रत्येक मॅचला तू माझ्या मागं येऊन उभा राहिलास."

"ऱ्हायलो."

"एक शब्द बोलला न्हाईस. कोल्हापुरात तुझ्याएवढं तोंड कुणाला नव्हतं, आणि तू मुक्यासारखा उभा. मला वाटायचं, टोमणा मारायला येतोस. गप राहून मारतोस."

"खुळा हाईस लेका. बोललो असतो तर तू उलटा गेला असतास. एकदा बघितलं की. म्हटलं, गप ऱ्हावं, निदान तुझं तू बघशील."

रंगरावांना हसू येतं. अकरा वर्षं. उन्हात, चिखलात, हा माणूस तोंड शिवून उभा होता, का, तर रंग्या उलटा जाऊ नये म्हणून.

"दस्त्या, एकदा खरं सांग. त्या दिवशी डाव टाकलास, की खरं सांगितलंस?"

"मला काय विचारतोस? तुझ्या झोपेत आलोय मी. तुला जेवढं म्हाईत, तेवढंच मला म्हाईत."

"मग कशाला आलास?"

"आलो व्हय? तू बोलावलंस. सकाळपासनं हाका मारालायस." दस्तगीर जाळी हलवतो. "सांग की. तुला काय म्हाईत हाय ते तू सांग."

रंगराव मागं वळून बघतात. गोलकीपरनं असं वळायचं नसतं, पण वळतात. दस्तगीर आता एकवीस वर्षांचा आहे आणि त्याच्या कपाळाला पट्टी आहे. पट्टीतून एका जागी लाल उमटलंय.

आता ऐका. ही पट्टी रंगरावांनी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. मलाही नव्हती सांगितली.

"दुसऱ्या दिवशी सकाळी तू खानावळीत आलास," रंगराव म्हणतात. "तेव्हा ही पट्टी होती. सात टाके."

"आठ."

"तुझ्याच लोकांनी मारलं होतं."

"ऐकलं की त्यांनी. मी हळूच बोललो होतो, पण माझं हळू म्हंजे किती हळू असणार?"

"तू येऊन पाटावर बसलास. माझ्याकडं बघितलंस. मी भिंतीकडं तोंड केलं आणि भाकरी मोडली."

"पिठलं होतं."

"पिठलंच होतं. सगळं खाल्लं मी. तू न जेवता उठून गेलास, आणि मी तुझ्या ताटातला कांदापण घेतला न्हाई. पुढच्या महिन्यापासनं खानावळ बदलली."

म्हातारा माणूस, चौकटीत उभा, आणि पोरासारखा रडायला आलाय.

"डाव असता तर तुझ्या लोकांनी तुला मारलं असतं का रं? खांद्यावर घेऊन नाचली असती की. हे मला कळलं होतं, दस्त्या. आज न्हवं, म्हातारपणी न्हवं. त्याच सकाळी कळलं होतं, पिठलं खाताना."

"मग आला का न्हाईस?"

"लाज वाटली. गावानं गोष्ट उचलली होती, दस्त्यानं फसवलं म्हणून. माझ्या हातून फायनल गेली, असं कुणी म्हणंना. मला बरं वाटायचं. आधी वाटलं, आठ दिवसांनी सांगू. मग महिनाभरानं. मग तुझं लग्न झालं, मला पत्रिका आली, मी आलो न्हाई. मग आता कुठल्या तोंडानं, असं झालं. तू तिकडचा होतास एवढंच त्या पेनल्टीच्या वेळी माझ्या डोक्यात आलं. दोन वर्षं ताटातलं खाल्लेला माणूस, आईची शपथ घेऊन सांगतोय, आणि मला आठवलं काय, तर हा तळ्यावाला."

ग्यालरीतल्या चपला हलत नाहीत. मैदान एवढं मोठं आहे की त्याचं दुसरं टोक दिसत नाही, आणि तिथंही कुणी नसणार, हे रंगरावांना ठाऊक आहे. चव्वेचाळीस वर्षं ते असेच उभे आहेत, असं त्यांना वाटतं. घरात, ऑफिसात, लग्नकार्यात, मागं कुणी नाही आणि पुढं कुणी नाही.

"का सांगितलंस रं मला?" ते विचारतात. "तुझं कॉलेज जिंकत होतं."

"बघवंना." दस्तगीर जाळीतून बोट घालून त्यांच्या पाठीला टोचतो. "तुझी धा पोरं तिकडं उभी, तू एकटा हिकडं. सगळं गाव तुझ्याकडं बघतंय. तुझा पाय हलत होता, तुला दिसत नव्हता, मला दिसत होता. मॅचभर तुझ्या सगळ्यात जवळ कोण असतं? तुझी पोरं? ती लांब. मीच की. तोंडात आलं आणि बोललो. इचार केला असता तर बोललो नसतो, खोटं कशाला सांगू?"

"मला माफ कर."

"ते नंतर. तो बघ, आला."

धुक्यातून महिपत येतो. विशीतला, कानावर केस, हातात बॉल. तो बॉल ठेवतो, चार पावलं मागं जातो. रंगरावांचे गुडघे दुखतात. पासष्ट वर्षांचे गुडघे आणि अंगात जर्सी नाही, बनियन आहे. चौकट मोठी होत चाललीय. त्यांचा उजवा पाय हलतोय, आणि आता तो त्यांना दिसतो.

"दस्त्या."

"हं."

"सांग."

"तू ऐकणार हाईस का?"

"सांग की बाबा!"

मानेवर श्वास येतो. "डावीकडं. आईशप्पथ."

महिपत धावतो. रंगराव बॉलकडं बघत नाहीत, महिपतच्या पायाकडं बघत नाहीत. सगळं अंग उचलतात आणि डावीकडं फेकतात. हात लांब जातो, टेपसारखा जातच राहतो, आणि बोटांच्या टोकांना ओलं, जड, गार कातडं लागतं.

मग धप्प.

फरशी. गालाखाली शहाबादी फरशी, डोळ्यांसमोर कॉटचा गंजका पाय आणि मावशींच्या झाडूतून सुटलेला धुळीचा एक पुंजका. वरती पंखा कुरकुरतोय. रंगराव कॉटवरून खाली पडलेत, आणि बरेच लांब पडलेत. नुसतं कूस बदलून कुणी एवढं लांब पडत नाही.

"अडवला," ते म्हणतात. मोठ्यानं. "दस्त्या, अडवला रं!"

मागं कपाट आहे. कपाटाच्या दारावर टॉवेल वाळत घातलाय. रंगराव तसेच पडून राहतात, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. बोळात आता भंगारवालाही नाही. शेजारची बाई नळाखाली भांडी लावतेय, तेवढाच आवाज. पडल्याचा एवढा धडाका झाला, पण "काय झालं?" म्हणायला कुणी येत नाही, कारण यायला कुणी नाहीच.

कॉटचा कठडा धरून ते उठून बसतात. गुडघे ठीक आहेत. कंबर कुरकुर करते, पण ती रोजचीच. डावं कोपर मात्र सोलून निघालंय. चांगलं रुपयाएवढं कातडं गेलंय आणि बारीक रक्त उभं राहिलंय. असं कोपर त्यांनी तीस वर्षांत बघितलं नव्हतं. पूर्वी दर मॅचनंतर असायचं. त्यावर फुंकर घालताना त्यांना कळतं की आपण रडतोय, आणि ते स्वतःला थांबवत नाहीत. झालं एवढं रडून झालं, की ते फोन शोधतात.

चार वाजायला आलेत. नसीम पहिल्या रिंगलाच उचलते.

"काका?"

"पोरी, मी येतो पाचला. मला बोलायचंय. आधी दोन्ही कॉलेजची माणसं आलीत का बघ, टेकडीवाल्यांना मागं बसू देऊ नको. त्यांनाच ऐकवायचंय."

"या की काका, या. मी गाडी पाठवते. तुमचा आवाज असा का येतोय? बरं नाही का?"

"पडलो जरा. झोपेत."

"अगंबाई! लागलं का? कुठं लागलं?"

"कोपराला."

"कुठल्या?"

"डाव्या."

पलीकडं गडबड चाललेली असते, खुर्च्या लावल्याचे आवाज, कुणीतरी माईक तपासत असतं. बापाच्या तोंडून ती पेनल्टी नसीमनं लहानपणापासून ऐकलेली. मग तिचा आवाज येतो, अगदी हळू. तिच्या बापाला जेवढं हळू कधी जमलं नाही तेवढं.

"डावीकडं गेलात, काका?"

"गेलो," रंगराव म्हणतात. "उशिरा गेलो, पोरी."